फियाटच्या नव्या वायरी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं, तेवढं सांभाळून घ्यावं.

नवापूरहून बोईसरच्या बाजाराला आम्ही मासळी नेतो ती आमच्या जुन्या फियाटमधून. टोपल्यांतलं खारं पाणी गळून तिच्या वायरी कुजल्या, आणि एकदा रस्त्यातच धूर निघाला. गाडी बंद म्हणजे आमचा बाजार बंद.

मग बोईसरचा एक वायरिंगवाला घरी आला. त्याचं नाव विचारायचा मला धीर झाला नाही. काढलेली प्रत्येक वायर तो आधी नाकाशी धरायचा.

"वयनी, ही बोंबलाची," तो म्हणायचा. "ही सुरमईची. हॉर्नची वायर मोठ्या घरची हाय, पापलेटची."

मी पदराआड हसायची.

नव्या वायरी त्याने खालून न नेता छताच्या कडेने वर बांधल्या, म्हणजे पाणी पोचायला नको. वायरीचा खर्चही त्यानेच केला होता. मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला.

"खारी हवा पावसाळ्यात वायर खाते. एक पावसाळा जाऊ द्या. दिवे लागले तर पैसे माझे, नायतर तुमचे."

पावसाळाभर मी रोज दिवे लावून बघायची. गाडीपेक्षा त्याचीच काळजी वाटायची.

नारळी पुनवेनंतर पाऊस सरला, दिवे लागतच होते, तशी मी स्वतः त्याच्या दुकानात गेले आणि सगळे पैसे दिले.

"आणि व्याज?" त्याने माझ्या टोपलीकडे बघत विचारलं.

मी त्याला दोन ताजे बांगडे निवडून दिले. हिशोबात काही बाकी राहिली नाही.