लताचा पिवळा तंबू

लता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेतात कापूस वेचत होते. फोनवर धाकट्या दिराला, तिच्या नवऱ्याला, धड बोलता येत नव्हतं. भाकरी थापता थापता ती ओट्याजवळ कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. मी रडत-धावत भोकरदनच्या घरी पोचले, तर अंगणात जमलेल्या बायकांचा पहिला प्रश्न, "कुठं पडली? सायकलवरूनच ना?" माझं डोकंच फिरलं. "स्वयंपाकघरात गेली ती! तुमच्या-आमच्यासारखी भाकरी करताना!" अजूनही कुणी विचारलं की मी तेवढ्याच मोठ्यानं सांगते. रानावनात मरशील म्हणून लोकांनी तिला किती भेवडावलं... रानानं तिचा केसही वाकडा केला नाही.

लता माझी धाकटी जाऊ, इथल्याच शाळेत शिक्षिका. मला ती बाई म्हणायची. सायकलवर शाळेत जायची, तेवढं लोकांनी पचवलं होतं. पण दिवाळीच्या सुट्टीत सायकलला पिशव्या बांधून एकटीच अजिंठ्याच्या डोंगराकडं जाणार, वाटेत मुक्कामाला तंबू घेणार म्हणाली, तेव्हा घरात वीजच पडली. आमचे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, मेंढरांमागं हिंडणाऱ्या आईच्या पोटी पालात जन्मलेले. चार काठ्यांवर कापड टाकलं की पाल झालं, त्यात त्यांचं बालपण गेलं. पुढं शेत झालं, सिमेंटचं घर झालं आणि पाल हा शब्दही त्यांना नकोसा झाला. "पालातून भाईर यायला आमची हयात गेली," ते कडाडले, "अन् मास्तरीण झालेली सून पुन्हा पालात चालली?" लतानं वाढता हात थांबवला नाही. "मामा, पालात ऱ्हाऊनच तुमच्या आईनं तुम्हाला वाढवलं. मला तर त्याची लाज वाटत न्हाई." मामा ताटावरून उठले. मला मात्र इतका आनंद झाला, की हसू लपवायला मी भांड्यांकडं पळाले.

तंबू घ्यायला ती मला संभाजीनगरला घेऊन गेली. मला वाटलं, साडीसारखं असेल, रंग बघायचा आणि बांधून घ्यायचा. हिनं दुकानदाराचा घाम काढला. एक चांगला ऐसपैस होता, पण हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. "बाई, घाटात हे वझं कोण ओढणार?" दुसरा अगदी हलका, पण खुंट्या ठोकल्याशिवाय उभाच राहत नव्हता. आपली काळी माती उन्हाळ्यात खुंटी आत घेत नाही आणि पावसात धरून ठेवत नाही, हे मलाही कळत होतं. शेवटी आपल्या काड्यांवर आपला उभा राहणारा, घडी करून सायकलच्या हँडलला बांधता येईल असा, एकाच माणसाचा तंबू तिला पटला. "मॅडम, फॅमिली साइज बघा की," दुकानदार म्हणाला. "फॅमिली घरी हाय," म्हणत ही चपला काढून भर दुकानात तंबूत आडवी झाली. पाय पुरतात का, बसल्यावर डोकं लागतं का, सगळं पाहिलं. गिऱ्हाइकं बघतच राहिली. मग रंगाचं निघालं. "लेडीजनी हिरवा घ्यावा, रानात दिसत नाही, सेफ राहतं." लता ताडकन उठून बसली. "मी काय चोरी करून राह्यले का?" आणि तिनं पिवळाधमक उचलला.

त्या तंबूत ती कुठं कुठं राहिली... पूर्णेच्या काठी, शाळांच्या पटांगणात, ओळख ना पाळख अशा लोकांच्या खळ्यावर. परत आली की तो गच्चीवर वाळत घालायची. "ह्यात झोप कशी येते गं?" मी विचारायची. "बाई, तिथं कुणी चहा मागायला उठवत न्हाई."

राख सावडायच्या दिवशी गेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन टाकायची आमच्याकडं रीत आहे. मामांनी तिच्या गाठोड्यावर तंबूची पिशवीही ठेवली. "त्यात निजायची ना ती? मंग अंथरूणच झालं." दीर खाली मान घालून उभा. मी उभ्या जन्मात मामांपुढं आवाज चढवला नव्हता. पण तंबू गेला असता, तर मागं फक्त भाकरी करताना गेलेली सून उरली असती आणि पुष्कळांना तेच हवं होतं. मी पिशवी उचलून छातीशी धरली. "मामा, अंथरूण गादी-गोधडीला म्हणतात. ह्येला भिंती हायेत, दार हाय, छप्पर हाय. ह्ये तिचं घर हाय. माणूस गेलं म्हणून त्याचं घर कुणी नदीत टाकतं का?" मामा पिशवी माझ्याकडंच सोडून नुसतं गाठोडं उचलून निघाले.

मला सायकल येत नाही, या वयात येणारही नाही. मागच्या आठवड्यात पिशवी काखोटीला मारून शेतात गेले आणि भरदुपारी, रस्त्यावरून दिसेल असा, तंबू बांधावर उभा करायला घेतला. कुठली काडी कुठं घालायची कळेना. सारखा कोसळायचा. लताला यथेच्छ शिव्या घातल्या, यथेच्छ रडले. अखेर उभा राहिला. आत शिरले, चेन लावली, पाय लांब केले. तेवढ्यात शेळ्यांमागून शेजारचे किसनभाऊ आले. माझ्या चपला बघून बाहेरच थबकले असावेत. "वहिनी? काय झालं? घरी भांडण झालं का काय?"

मी चेन उघडून डोकं बाहेर काढलं. "न्हाई भाऊ," म्हटलं, "घरीच हाय मी."