विचारून वाहिलेली बांधी

आमच्या घरात चारचौघांत बोलायला मलाच पुढे करतात. सोयरीक जमवायची असो की म्हैस विकायची, मीच. त्यामुळे तलावाखालच्या बांधीच्या खटल्यात साक्षीलाही मीच उभा राहिलो, आणि बांधी गेली.

एवढंसं धानाचं वावर. सातबारा दुसऱ्याचा. मालक नोकरीपायी बल्लारपूरला गेले, तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं, बाबाच ती वाहत-कसत होते. मालक वारले, त्यांच्या मुलाने बांधी विकायला काढली, तेव्हा आम्ही कोर्टात गेलो. आमचे वकील म्हणाले, "बारा वर्षांच्या वर उघड कब्जा असला, तर जमीन तुमची ठरू शकते. फक्त एक सांगा. मालकाच्या मर्जीनं नाही, त्याला न जुमानता वाहिली."

मी एसटीत पाठ करत गेलो.

समोरचे वकील मात्र फारच गोड माणूस. "तुमच्या वडिलांचे मालकांशी संबंध कसे होते हो?"

एवढ्या प्रेमानं मला घरातही कोणी काही विचारत नाही. मी सुटलोच. दरवर्षी पेरणीआधी बाबा बल्लारपूरला जायचे. ओसरीवर बसून म्हणायचे, "यंदा बी आमीच वाहू ना, भाऊ?" मालक म्हणायचे, "वाहा ना. दरसाल काऊन विचारता?" पण विचारल्याशिवाय नांगर कसा घालायचा? धान निघालं की नव्या पोह्यांची पिशवी घेऊन मी जायचो. "दुसऱ्याच्या जमिनीत घुसणारं आमचं घर नाही, साहेब," असंही वर ठोकून दिलं.

आमच्या वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "भाऊ, आपण कब्जा सांगायला आलो होतो. तुम्ही वडिलांचा सत्कार करून आलात."

निकाल लागला त्या दिवशी बाबांनी विचारलं, "तू खोटं बोलला का तिथी?"

"नाई."

"मंग हरलो काऊन?"

 

उन्हाळ्यात ताबा द्यायला गेलो. बेलिफाने कागद वाचला, बाबांनी सही केली. मग मालकाच्या मुलाला ते बांधाच्या धुऱ्यावरून फिरवू लागले. "इथी खेकडे भोकं पाडतात, बाबू. पावसाच्या आधी चिखल थापजो, नाई तर पाणी राहत नाई."

तो "हो काका, हो काका" करत मोबाईलवर फोटो काढत होता. गिऱ्हाइकाला पाठवायला. तिथे प्लॉट पडणार होते, हे बेलिफालाही माहीत होतं. बाबांना वाटलं, पोरगा भोकांचेच फोटो घेतो आहे. ते गुडघ्यावर हात टेकून वाकले, वाळलेलं गवत बाजूला केलं आणि त्याला नीट दिसावं म्हणून थोडे सरकून बसले.