गप्प डोंगर

यंत्राची सुई सरळ रेघ काढत होती. आठवडाभर थरथरणारा ज्वालामुखी सकाळपासून एकदम गप्प झाला होता. पायथ्याच्या निरीक्षण चौकीत मी एकटा, नोकरीला जेमतेम चार महिने झालेला. आमचे मोठे सर आणि एक सहकारी वायूचे नमुने घ्यायला डोंगराच्या तोंडाकडे चढत होते.

वायरलेसवर सरांचा आवाज आला, "काय रे, सुई काय म्हणते?"

"शांत आहे, सर."

"मग झकास!"

शांततेला आपण फार लवकर झकास म्हणतो. पोर गप्प, घर गप्प, की आपण निर्धास्त. माझे वडील खडीच्या खाणीत सुरुंग लावायचे. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिली. वाती पेटवून लांब गेले की कान देऊन बार मोजायचे. दहा लावले आणि नऊच उडाले, तर मुकादम कितीही ओरडो, कुणाला पुढे जाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "उडाला तो गेला. गप्प बसला त्याला भ्यायचं." घरातला पहिला पदवीधर मी; ज्वालामुखीचं तोंड बुजलं की आत दाब वाढतो, हे मला पुस्तकानं पुन्हा शिकवलं, एवढंच.

मी बटण दाबलं. "सर, खाली या."

"अरे, शेवटचा चढ राहिलाय. घाबरलास होय?"

"हो, घाबरलोय. तुम्ही या."

वायरलेस खरखरला. मग, "बरं बाबा, वळतो."

उतरायला तास लागणार होता. ज्या शांततेला मी इतका भ्यालो, तीच आता तासभर टिकावी म्हणून मी हात जोडून बसलो.