कोमलच्या टीमला मेंढरू पायजे

चहा आधी खाली ठेवा. ऐकता ऐकता ठसका लागला तर खापर माझ्यावर फुटंल, आणि या प्रकरणात माझ्यावर आधीच लई फुटलेलं हाय.

माझी नात कोमल तेव्हा नववीत. तिच्या शाळेतल्या पोरापोरींनी मिळून एक रोबोट केला होता. रोबोट म्हणजे काय, तर चार चाकांचा डबा, पुढं दोन हात. जमिनीवर चेंडू पसरलेले असायचे. ते गोळा करायचे, हाकत न्यायचे आणि कोपऱ्यातल्या चौकोनात कोंडायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाच म्हणालो, हे तर आपलंच काम हाय. आम्ही धनगर माणसं, जन्मभर दुसरं केलं काय?

तसं आता काही राहिलं नव्हतं म्हणा. पावसानं लागोपाठ दोन-तीन वर्षं तोंड फिरवलं आणि कळप विकला. जिथं मेंढरं चारायचो तिथं इमारती उभ्या राहिल्या, खाली गाड्या लावायला जागा बी केली. लेक वाळूजला कंपनीत लागला. घरामागं एक मेंढी तेवढी मी ठेवली, सवयीची म्हणून.

तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोमल तोंड पाडून घरी आली.

"काय झालं गं?"

"आबा, आमच्या सरांना चारा छावणीवर धाडलं. जनावरं मोजायला. आता आम्हाला मेंटर नाय."

ती म्हणाली मेंटर. मला ऐकू आलं मेंढर. आता ज्याच्या कानात जन्मभर एकच आवाज घुमला, त्याला दुसरं काय ऐकू येणार, तुम्हीच सांगा.

"मग त्याच्यावाचून अडतंय व्हय?"

"अडतंय म्हणजे? आतच घेणार नाय. इतके महिने खपलो आम्ही, सगळं पाण्यात. नियमच हाय, एका टीममागं एक मेंटर."

मला नियम आवडला. म्हटलं, शहरातल्या लोकांना हळूहळू अक्कल यायला लागली.

"कसं पायजे?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? गरीब असलं तरी चालंल. दिवसभर आमच्यासंगं उभं राहिलं म्हणजे बास."

"नर का मादी?"

कोमलनं वर बघितलं. "काय बी चालतंय, आबा."

"वय?"

"अठराच्या वर."

म्हणजे अठरा महिन्यांच्या वर. माझी मेंढी दोन वर्षांची. "आणि खाण्याचं?"

"मेंटरला तिथं खाणं फुकट हाय."

असल्या दुष्काळात फुकट चारा. मी पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला. "तू निवांत झोप. मी बघतो."

"तुम्ही? कुणाला बघणार तुम्ही?"

"हाय एक माझ्या वळखीतलं."

सकाळी कोमल शाळेच्या गाडीनं पुढं गेली. टँकर कधी येईल त्याचा भरवसा नव्हता, तरी मी एक अख्खी बादली मेंढीच्या अंगावर घातली. सून त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. मग रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली.

रिक्षावाला म्हणाला, "चाचा, शहागंज बाजार? बेचने को?"

"नाय. कालेज को. रोबोट की शर्यत हाय."

त्यानं आरशातनं मेंढीकडं बघितलं. "ये दौडेगी?"

"नाय. ये खाली खडी रहेगी."

"तो फिर ठीक है," म्हणाला, आणि गाडी काढली.

कालेजच्या दारात टेबल लावलं होतं. कोमलची टीम टेबलापुढं, आणि मागं बसलेल्या मॅडम हळू आवाजात सांगत होत्या, "बाळांनो, मेंटरच नसेल तर मला तुम्हाला परत पाठवावं लागेल." कोमलच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, बरोबर येळंवर आलो.

"थांबा बाई. मेंढर आणलंय."

मेंढीनं टेबलावरच्या कापडाचं टोक तोंडात घेतलं.

"आबा," कोमल म्हणाली, "मेंटर. मेंटर म्हणजे मार्गदर्शक. मोठं माणूस."

मी मेंढीकडं बघितलं. मेंढीनं माझ्याकडं बघितलं. कुठंतरी पळून जावं म्हटलं, तर दोरी टेबलाच्या पायात अडकलेली.

तेवढ्यात टीममधला अथर्व, लई शुद्ध बोलणारा पोरगा, म्हणाला, "मॅडम, मोठं माणूसही आलेलंच आहे की."

मॅडमनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आजोबा, तुम्ही काय करायचात?"

"मेंढरं राखायचो."

"म्हणजे नेमकं काय?"

"मागं उभं राहायचं. कोण भरकटतंय त्याच्यावर ध्यान ठेवायचं. आपण उगा मधी मधी करायचं नाय."

मॅडम हसल्या. "इथंही तेच करायचंय. फक्त फेरी चालू असताना तोंड उघडायचं नाही."

एवढंच ना, म्हटलं. मेंढी बाहेर लिंबाला बांधली आणि मी मेंटर झालो.

आत हॉलमधी आखलेल्या मैदानात फेरी सुरू झाली. डब्यानं चेंडू झकास गोळा केले. मग कोपरा सोडून सरळ भिंतीकडं निघाला. भिंतीला नाक लावून चाकं नुसती गरगर फिरवायला लागला. पोरांचे चेहरे उतरले. मी तोंड दाबून धरलं होतं, खरंच धरलं होतं. पण समोर चुकार जनावर दिसलं की हात सुटतोच. आपसूक हाळी निघाली, "हुर्रर्र हाऽऽ!"

रोबोटला ऐकू येत नाय. मेंढीला येतं.

ती दोरी ओढत आली ती थेट मैदानात. समोर काही हलताना दिसलं की थांबायचं, जवळ आलं की मागं सरायचं, असं रोबोटला शिकवलेलं. तेवढ्यात तो भिंतीपासून सुटून वळला आणि समोर मेंढी. तो थांबला. ती पण थांबली. तिनं एक पाऊल पुढं टाकलं, तो मागं सरकला. अख्खा हॉल पोट धरून हसत होता, आणि कोमल दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी.

पंचानं शिट्टी मारली, नियमाचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ चाळलं.

"मैदानात अडथळा आला, म्हणून ही फेरी पुन्हा होईल," तो म्हणाला. "मेंढीला काय शिक्षा करायची ते यात नाही. ओरडणाऱ्या मेंटरला मात्र आहे."

मग मी बाहेर, लिंबाखाली, मेंढीशेजारी. आत डब्यानं दुसऱ्या खेपेला सगळे चेंडू बरोबर कोंडले. टाळ्या मला बाहेर ऐकू आल्या. संध्याकाळी पोरं तिसऱ्या नंबरची ढाल घेऊन आली, आणि मी लिंबाआड होऊन डोळे पुसले.

छावणीवरनं सर परत आले तेव्हा घरी येऊन गेले. जाताना कोमलला म्हणाले, "पुढच्या वर्षी मी नसलो, तर आबांनाच ने."

"नको सर," कोमल म्हणाली. "मेंढीला नेते. ती हाक मारल्याशिवाय तरी येत नाय."