सिद्धेश्वराला सोडलेली शेंगापोळी

सोलापुरात तालमींना तोटा नाही आणि नागपंचमीपुरता लंगोट कसणाऱ्या वीरांनाही नाही. चार दिवस जोर मारायचे आणि पाचव्या दिवशी खांदे धरून बसायचं. म्हणून कुणी व्यायामाच्या बढाया मारू लागलं की मला आमच्या तुळजापूर वेशीतली केराबाई सुईण आठवते. चाळिशी उलटल्यावर तिने आपलं अंग पुन्हा कमावलं, आणि तेही कुणाला उपदेश न करता.

केराबाई मूळची सांगोल्याकडच्या धनगरांतली. नवरा मेंढरं विकून गिरणीत दारवान झाला, तशी तीही शहरात आली. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. थोड्याच वर्षांत तिच्याशिवाय पेठांतला पाळणा हलेनासा झाला. मोठ्या घरची माणसं तिला न्यायला टांगा धाडू लागली. पाचवीला जेवण, बारशाला जेवण. लिंगायतांकडे हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि वर तुपाची धार, आणि दाण्या-गुळाची शेंगाची पोळी तर घरोघर. सुईण जेवून तृप्त झाली की लेकरू जन्मभर खाऊनपिऊन सुखी राहतं, अशी सगळ्यांची खात्री. केराबाई बिचारी लेकरांच्या कल्याणासाठी खात गेली, आणि ती बसली की टांगा एका अंगाला कलू लागला.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. देगावच्या पलीकडे माळावर धनगरांची वस्ती होती. तिथल्या धुळाची बायको फुलाबाई अडली, म्हणून तो भर दुपारी बोलवायला आला. टांगा ओढ्यापर्यंत गेला. पुढे काळ्या रानातली पायवाट. केराबाई चालू लागली आणि थोड्याच वेळात धापा टाकत बांधावर बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. ती पोचली तेव्हा धुळाच्या आईने, गोजाबाईने, कशीबशी सुटका करून पोर बाजेवर ठेवलं होतं. देवाची कृपा, मायलेकरू दोघं जगली. केराबाई बाळंतिणीजवळ उकिडवी बसायला गेली, तर गुडघे वाकेनात.

गोजाबाई फटकळ. ती म्हणाली, "बाई, तू आमच्यातली म्हनून मानूस धाडलं. तुला येनं हुत नसंल तर सरळ सांगून टाक की. आमी दुसरं काय तरी बघतो."

दुसरं काय बघणार? त्या माळावर दवाखाना नव्हता, आणि तिथवर पायी जाणारी दुसरी सुईण नव्हती. हे केराबाईला गोजाबाईपेक्षा जास्त ठाऊक होतं. आमच्या आईजवळ बसून ती त्या संध्याकाळी रडली. "पेठेतल्यांना धा सुइनी मिळतील," ती म्हणाली. "त्या मानसांना मी एकलीच हाय, आन् मी बांधावर बसले."

दुसऱ्या दिवसापासून तिने टांग्यात पाय ठेवला नाही. बोलावणं आलं की पायी निघे. टांगेवाल्याला आणायला सांगितलेलं, म्हणून तो रिकामा टांगा घेऊन तिच्या मागून चाले. बघणारे हसत. बसण्याउठण्याची सवय व्हावी म्हणून तिने शेजारपाजारची अंगणं सारवायला मागून घेतली. आमचंही. केराबाईवर असे दिवस आले म्हणून आई हळहळली, तेव्हा शेणाचा हात फिरवत ती म्हणाली, "दिवस कुटलं आलेत? गुडघं माघारी आनतीया."

खरा पेच ताटाचा होता. बाळीवेशीत लिंगायतांच्या काशम्माच्या सुनेला, महानंदाला, मुलगा झाला. पाचवीच्या जेवणाला केराबाईने पोळी बाजूला सारली आणि नुसती भाकरी मागितली. काशम्माच्या हातातली तुपाची वाटी तिथेच थांबली. "काय दिसलं तुमाला पोरात? लपवू नका."

लेकरू धडधाकट आहे, मलाच खायचं नाही, असं केराबाई परोपरीने सांगत राहिली. ऐकतंय कोण? सुईण न जेवता उठते म्हणजे तिला काहीतरी कळलं आहे. बायकांनी बाळाला उघडं करून बोटं मोजली, टाळू चाचपली. महानंदाने रडायला सुरुवात केली. शेवटी केराबाईने दोन पोळ्या तूप घालून खाल्ल्या, तेव्हा घराच्या जिवात जीव आला.

दर घरी हाच प्रकार. मग तिने डोकं चालवलं. काशीला गेलेली माणसं आवडीचा पदार्थ देवाला सोडून येतात. केराबाई काशम्मालाच साक्षीला घेऊन ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या देवळात गेली आणि गोड नि तूप सोडून आली. मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, तुमचा देव तर बिरोबा ना? ती म्हणाली, "बिरूबाला सोडलं असतं तर काशम्मानं बिरूबाची समजूत काढली असती. सिद्धेश्वराम्होरं कुनाचं चालतंय?"

चाललं नाहीच. ज्या सासवा बळेबळे वाढायच्या, त्याच आता राखण करू लागल्या. कुणी चुकून गूळ वाढला तर काशम्मा खेकसे, "बाईला पाप लावता काय?" केराबाई कडक भाकरी, डाळ नि ताक घेई आणि ढेकर मात्र सगळ्या घराला ऐकू जाईल असा देई. शेंगापोळीचा मोह तिचा सुटला नव्हता. संक्रांतीला आमच्या ओसरीवर ती चुलीकडे पाठ करून बसे आणि तिच्या डोळ्यांत पाणी येई, पण हात पुढे येत नसे. मला तिचं खरं कौतुक वाटतं ते इथे. नेम देवापुढे घेतला तरी पाळायचा आपल्यालाच असतो.

अंग उतरायला वर्ष-दीड वर्ष लागलं. टांगेवाल्याने मागे येणं सोडलं. तिच्या चालीने घोडा दमतो, असं तो सांगे. टांगेवाल्याचं किती खरं धरायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

मग एका वैशाखात धुळा शहरात आला. फुलाबाई पुन्हा अडली होती आणि तिला दवाखान्यात आणायला गाडी मिळते का, ते तो विचारत फिरत होता. केराबाईकडे जायचं त्याच्या मनातही नव्हतं. टांगेवाल्यानेच त्याला तिच्या दारात आणून उभं केलं.

"तुजी गाडी जुपूस्तवर मी पोचते," ती म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

धुळा पुढे सगळ्यांना सांगे, "मी मेंढरामागं चालनारा मानूस. पन बाई सारकी म्होरंच." बांध आले नि गेले. मूल पायाळू होतं. उन्हं कलेपर्यंत केराबाई फुलाबाईजवळ उकिडवी बसून होती, एका हाताने तिला धीर देत, दुसऱ्याने लेकराला वाट देत. मुलगी झाली. जरा निळसर होती, मग रडली.

गोजाबाईने चुलीवरचं ऊन पाणी आणून केराबाईच्या पायांवर घातलं. मग खाली बघतच म्हणाली, "थोरल्या सुनेला पाचवा लागलाय. भादव्यात येशील न्हवं?"

"येते की," केराबाई म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.