काटेवाल्याचे थेंब

त्याला सगळे काटेवाला म्हणत. काटे म्हणजे वजनाचे काटे. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत ज्याच्या दुकानात तोलायचं यंत्र आहे, त्याचं यंत्र बिघडलं की ते याच्याकडे यायचं, नाहीतर हा पेटी घेऊन तिकडे जायचा. पेटीत पितळेची वजनं मखमलीच्या खणांत निजवलेली. त्यांना हात लावताना तो पांढरे मोजे घालायचा, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन फिरतं म्हणे. बायकोला हात लावताना तो ग्रीस तरी पुसायचा का, ते मात्र तिलाच विचारा.

धंद्यात त्याचा एक नियम होता. काट्यावर आकडा आला की तो मोठ्याने पुकारायचा. मनात ठेवलेला आकडा सरकतो, असं त्याचं म्हणणं. हा बाहेर पुकारणार आणि आतल्या खोलीत बसलेला मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तो वहीत टिपणार. पंचवीस वर्षं हेच. भाजीवाल्याचा काटा चाळीस ग्रॅम खातो, हे त्याने भाजीवाल्याच्या गिऱ्हाइकांसमोरच जाहीर केलं होतं. लोक त्याला फार मानायचे. घरी चहाला मात्र कुणी बोलवत नसे.

बायकोचं काम याच्या नेमकं उलटं. ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या बाजूला तिचं शिलाई मशीन होतं, तिथे ती कपडे सैल-घट्ट करून द्यायची. बाई समोर उभी राहिली की ही फीत कमरेभोवती धरायची, आकडा वाचायची, न बोलता कागदावर लिहायची आणि कागद पालथा घालायची. "फार नाही, जरासं सोडते," एवढंच म्हणायची. त्या जराशात कधी कधी चार बोटं असायची. आलेली बाई निघताना मान ताठ करून निघायची. अशा बाईच्या वाट्याला नेमका हा पुकारणारा यावा, याला आता काय म्हणायचं.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. सुरुवातीला सगळं बरं होतं. बरं म्हणजे, तेव्हा कुणी कुणाला विचारत नसे. मग मुलगी झाली, तिचे दात, तिच्या परीक्षा, मग याची कंबर, तिचे गुडघे. होता होता दोघांची जवळीक सरकारी तपासणीसारखी झाली. काट्यावर कसा वर्षातून एकदा शिक्का बसतो आणि मग वर्षभर कुणी बघत नाही, तशी. गेल्या वर्षीचा शिक्काही राहून गेला होता.

मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरात गेली आणि तिची खोली रिकामी झाली. एका बुधवारी सकाळी चहा गाळता गाळता बायको म्हणाली, "मी एकटीचा पलंग सांगितलाय. सोमवारी दुपारी येईल. पोरीच्या खोलीत लावते."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तुम्ही घोरता."

"मी काय आज घोरतोय? पंधरा वर्षं घोरतोय."

"तेच तर म्हणतेय मी."

काटेवाला चहा न पिताच उठला. दिवसभर त्याचं कामात लक्ष लागेना. माणूस खोटा काटा एका नजरेत ओळखणारा, त्यामुळे त्याला एवढं पक्कं कळलं की गोष्ट घोरण्याची नाही. पलंग एकदा त्या खोलीत लागला की लागला. मग सकाळचा चहा, संध्याकाळचा दिवा, सगळं दोन खोल्यांचं होणार आणि हा एका खोलीत भिंतीकडे तोंड करून म्हातारा होणार. हातात पाच दिवस होते. बायको आपल्याशी का बोलत नाही, हे शोधायला पुरुषाला पाच दिवस द्या. तो बाटली शोधून आणतो.

बाटलीचा पत्ता भाजीवाल्याने दिला. गुरुवारी त्याचा काटा नीट करताना काटेवाला दोनदा सुस्कारला, तेव्हा तो कानाशी येऊन म्हणाला, "घरचं आहे का काही? मग ऐका. चौकापुढे ते सरकारी परवान्याचं दुकान झालंय ना, तिथे गांजाचे थेंब मिळतात. जिभेखाली घ्यायचे. आम्ही दोघांनी घेतले. आमची ही, तीस वर्षांत माझ्याकडे बघून हसली नव्हती, ती हसली."

"तुला बघून कुणीही हसेल."

"तसं नाही हो. तसं हसली."

काटेवाला त्याच दुपारी तिथे गेला. दुकान म्हणजे काही अंधारी गल्ली नव्हे, औषधाच्या दुकानासारखं लख्ख. काचेमागे त्याच्या मुलीच्या वयाची एक पोरगी. मागे चार माणसांची रांग.

"काय हवंय काका?"

"गांजाचे थेंब."

"कशासाठी?"

कशासाठी म्हणजे काय, हे असं विचारतात होय. त्याच्या कानशिलांना घाम फुटला. ज्या माणसाने आयुष्यात एक ग्रॅम इकडचा तिकडे सांगितला नव्हता, तो खाली मान घालून म्हणाला, "झोपेसाठी."

"झोप लागत नाही?"

"नाही."

हे कोण बोलतंय, तर ज्याच्या घोरण्याने कपाटातले पेले वाजतात तो. पोरीने एक बाटली पुढे केली. "अर्ध्या तासात डोळे मिटतील. पहिल्यांदा अगदी थोडं घ्या." काटेवाल्याने मनाशी म्हटलं, गांजा तो गांजा, बाटलीवरच्या चिठ्ठीने काय फरक पडतो. दुसऱ्यांच्या काट्यांवरच्या खोट्या चिठ्ठ्या पंचवीस वर्षं फाडत आलेला माणूस, पण स्वतःवर आली की अशी अक्कल फिरते.

शुक्रवारी त्याने बाटली बायकोसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे भाजीवाला, थेंब आणि कशासाठी ते. दुकानातल्या पोरीला काय सांगितलं, तेवढं सोडून.

बायकोने आधी बाटलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही तिथे रांगेत उभे राहिलात?"

"राहिलो."

"माझ्यासाठी?"

"मग काय भाजीवाल्यासाठी?"

ती हसली नाही, पण तिचा ओठ जरा हलला. "बरं. रविवारी दुपारी बघू," ती म्हणाली. "पटलं नाही तर मी उठून जाईन, आधीच सांगते." आणि शनिवारी सकाळी तिने मागच्या वर्षी घेऊन घडी न मोडलेली चादर उन्हात टाकली. चादर उन्हात पडली म्हणजे निम्मं काम झालं होतं. उरलेलं निम्मं बिघडवायला एकच माणूस पुरेसा होता.

झालं असं, की काटेवाल्याचा बाटलीतल्या नळीवर विश्वास बसेना. त्याने ती नळी सोनाराच्या नाजूक काट्यावर तपासली. दर तिसरा थेंब जड पडत होता. हे काही बरोबर नाही, म्हणून त्याने ठरवलं की थेंब माणसाच्या वजनाप्रमाणे काढायचे. स्वतःचं वजन त्याला ठाऊक होतं. राहिली बायको.

शनिवारी दुपारी ती डबा द्यायला दुकानात आली. आज तिने केस नीट विंचरले होते, हेही त्याला दिसलं नाही. तो म्हणाला, "अगं, जरा त्या पाटावर उभी राहा."

तो पाट म्हणजे बटाट्याची पोती तोलायचा काटा.

"का?"

"उद्यासाठी. थेंब किती, ते ठरवायला. विज्ञान आहे."

तिने डबा टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. का उभी राहिली, ते तिचं तिलाच ठाऊक, बहुतेक चादरीमुळे. काटा हलला, थांबला, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने काटेवाल्याने तोंड उघडलं.

"अठ्ठ्याहत्तर किलो चारशे."

आतून मेव्हण्याचा आवाज आला, "टिपलं. पोत्याचं वजा करू का, दाजी?"

रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थबकली. पलीकडच्या न्हाव्याने कात्री थांबवली. बायको पाटावरून उतरली, तिने चपला सरळ केल्या, आणि डबा तिथेच ठेवून निघून गेली. मेव्हणा बाहेर आला, त्याने पाटाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई होती?"

"हो."

"मग मी आज लवकर घरी जातो," मेव्हणा म्हणाला आणि गेलासुद्धा.

रविवारी दुपारी काटेवाला नव्या चादरीच्या कडेवर बसून होता. ती येणार नाही, याची त्याला खात्री होती. पण ती आली. दार लावून समोर बसली आणि म्हणाली, "मी एकदा हो म्हटलंय म्हणून आलेय. द्या काय ते."

त्याने थेंब दिले, स्वतः घेतले आणि घड्याळ काढून उशाशी ठेवलं.

पाच मिनिटांनी त्याने विचारलं, "काही वाटतंय?"

"नाही."

दहा मिनिटांनी, "आता?"

"तुम्ही विचारताय, तेवढंच वाटतंय."

विसाव्या मिनिटाला तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून. "पोत्याचं वजा करू का," ती म्हणाली आणि उशीत तोंड खुपसलं. काटेवाल्यालाही हसू आलं. किती दिवसांनी दोघं एका गोष्टीला हसत होती, आणि ती गोष्ट त्याच्या मूर्खपणाची होती, म्हणजे तशी कमी पडायची भीती नव्हती. हसता हसता तिने त्याच्या दंडावर डोकं टेकलं. त्याने घड्याळ पालथं घातलं. आता, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि तिच्या केसांवरून हात फिरवायला घेतला.

हात कानापर्यंत पोचला असेल. तिथून पुढचं दोघांनाही आठवत नाही.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याचा दंड लाकडासारखा झाला होता, दोघांची तोंडं कोरडी, आणि पोटात असा खड्डा की बायकोने उभ्या उभ्या चार पाव खाल्ले. मग तिने शिवणाचा चष्मा लावला, बाटली दिव्याखाली धरली आणि चिठ्ठी वाचली.

"अहो, ही झोपेची आहे. दुकानात काय सांगितलंत तुम्ही?"

काटेवाला पावाकडे बघत राहिला. "झोप लागत नाही म्हणून सांगितलं."

"तुम्ही खोटं बोललात?"

"रांग होती मागे."

बायको खुर्चीवर बसली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात बोलली. "माझं वजन माझ्या भावासमोर, न्हाव्यासमोर पुकारलंत. त्यात लाज नाही वाटली. मी हवी आहे, एवढं सांगायची वेळ आली तेव्हा वाटली." तिने बाटलीला बूच लावलं. "पलंग उद्या येतोय."

हिशेब बरोबर होता. काटेवाल्याने ताटलीतले पावाचे तुकडे गोळा केले. मग म्हणाला, "उद्या सकाळी मी परत जातो तिथे. खरं सांगतो."

"मी मागे उभी राहणार."

"राहा."

सोमवारी सकाळी रांग सात माणसांची होती. काचेमागची पोरगी म्हणाली, "काय काका, झोप लागली?"

"लागली," काटेवाला म्हणाला आणि थांबला. मागे बायको पिशवी धरून उभी होती. त्याने घसा साफ केला. कुजबुजणं त्याला कधी जमलंच नव्हतं, आवाज एकच होता, धंद्याचा. "मी खोटं सांगितलं होतं. झोपेचं काही नाही. मला माझी बायको जवळ हवी आहे. वर्ष झालं, वर्षाहून जास्तच. ती दुसऱ्या खोलीत चालली आहे आणि तिने जाऊ नये, असं मला वाटतं."

पोरीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही; तिने दिवसभर काय काय ऐकलं असेल, देव जाणे. "मग ती बाटली नाही, ही," ती म्हणाली. "अगदी थोडं घ्यायचं. आणि काका, याने वाट नाही दिसत, फक्त दिवा जरा मोठा होतो."

मागून काठी टेकत उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "मुली, मलाही त्यातलीच दे. लहान नको."

बायको लाल झाली होती. घरी जाताना तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि सगळा रस्ता अर्धं पाऊल पुढे चालली. पण अर्धंच.

दुपारी पलंग आला. आणणाऱ्या दोघांनी विचारलं, कुठे लावायचा. काटेवाला भिंतीला टेकून उभा होता. बायको म्हणाली, "पोरीच्या खोलीत." पलंग लागला, माणसं गेली. मग तिने याची उशी आणली आणि त्या पलंगावर ठेवली.

"घोरता तुम्ही," ती म्हणाली. "मी का खोली सोडू?"

"म्हणजे मी?"

"तुम्ही. आणि माझ्या खोलीत यायचं तर दार वाजवायचं. मी हो म्हटलं तर यायचं."

पलंग तिने स्वतःच्या मापाने सांगितला होता. काटेवाला त्यावर आडवा झाला, तर पावलं चार बोटं बाहेर. तसाच पडून तो छताकडे बघत राहिला. मग उठला, बाहेर आला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या घरातलं दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"हात धुतलेत?"

तो हात धुवायला गेला, साबण लावून, नखांपर्यंत. परत आला तेव्हा दार लोटलेलं होतं.

आत काय झालं ते ती दोघं जाणोत. एवढं खरं, की काटेवाला अजून मुलीच्याच खोलीत झोपतो, पावलं बाहेर ठेवून, आणि आठवड्यातून एकदोनदा दार वाजवतो. कधी बाटली उघडतात, कधी विसरतात. गुण थेंबांचा, की रांगेत सोडलेल्या लाजेचा, की साबणाचा, हे त्याला अजून कळलेलं नाही. मोजून बघावं असं त्याच्या फार मनात येतं. बायको मोजू देत नाही.