उपयोगाचा रकाना

मला शिवण येत नाही. बटण लावायला बसले तर सोबत पदरही शिवून ठेवते, इतकं येत नाही. आणि घाटकोपरच्या आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत हेडमास्तरांनी मला नेमकी शिवणाचीच धमकी दिली होती.

"बाई, तुमच्या त्या निसर्ग मंडळाची एक सहल होऊ दे. पुढच्या महिन्यात निरीक्षक येतायत. त्यांना दाखवण्यासारखं काही निघालं तर ठीक, नाहीतर शनिवारचा तो तास शिवणाला."

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. नोकरीत मी नवी होते, आणि आठवडाभर भूमितीत डोकं फोडून घेतल्यावर शनिवारचा तो एकच तास मला माझा वाटायचा. तो गेला असता तर मी खरंच रडले असते. म्हणून पेटून उठले. तीन आठवडे सातवीच्या पोरांना दलदल शिकवली. मढ बेटाभोवतीचा चिखल म्हणजे घाण नव्हे, माशांचं पाळणाघर आहे. तिवराची झाडं म्हणजे समुद्राला घातलेलं कुंपण. चिखलातल्या जिवांना त्रास द्यायचा नाही, पकडायचं नाही, नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं.

वहीत चार रकाने आखून दिले: नाव, रंग, राहण्याची जागा, उपयोग. मी लहानपणी असंच शिकले होते. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा घर राखतो. उपयोग नसलेला प्राणी आमच्या पुस्तकात नव्हताच. त्यामुळे फळ्यावर तो चौथा रकाना आखताना मला काडीची शंका आली नाही. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रविवारी निघालो. बसनं अंधेरी, मग वेसावे, तिथून होडीनं मढ. ओहोटी होती. चिखल लांबवर उघडा पडला होता आणि त्यावर निवट्या टणाटण उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे बोटभर मासा, पण पाण्यात कमी आणि चिखलात जास्त. डोळे डोक्यावर. मी हात उंचावून म्हणाले, "बघा रे, हा निसर्गाचा चमत्कार!"

दोन वेण्यांची एक मुलगी, मालवणकडची, शांतपणे म्हणाली, "आमची आये ह्येंचा तिखला करता, बाई."

"आमच्याकडे तळतात," मागून कुणीतरी म्हणालं. तिथून जे सुरू झालं! हळद किती, कोकम किती, लसूण ठेचायचा की कापायचा. मी ओरडले, "गप्प बसा मेल्यांनो, हे वन्यजीव आहेत!" आणि तावातावानं दोन पावलं पुढे टाकली. गुडघ्यापर्यंत आत गेले. पाय वर आला, चपला आल्या नाहीत. तिवराखाली कालवं फोडत बसलेली एक कोळीण पोट धरून हसत सुटली. "चिखलान चपल घालून कोन उतरतं गो, मास्तरीणबाय?" माझ्या पोरांनीच मला ओढून काढलं. तेव्हाही कुणी 'बाई लागलं का' विचारलं नाही. मी पाय देऊन एक निवटी चिरडली की काय, याचीच सगळ्यांना काळजी. तेवढ्यापुरता माझा ऊर भरून आला.

मग डबे उघडले. माझ्या डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी. आम्ही पण कोकणातलेच, काय करणार? छत्तीस पोरं माझ्या डब्याकडे बघायला लागली. दोन वेण्यावालीनं विचारलं, "बाई, हा पण जीवच ना?"

"वाळलेला आहे," मी म्हणाले. आणि खाल्लं.

मंगळवारी निरीक्षक आले. जाड भिंगांचा चष्मा, हसणं माहीत नाही. वह्यांचा गठ्ठा मी स्वतः कौतुकानं पुढे केला. वाचायला वेळ मिळाला नव्हता. चित्रं तेवढी चाळली होती, ती झकास होती.

निरीक्षकांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "निवटी. रंग, मातकट. राहण्याची जागा, चिखल. उपयोग, तिखलं." पान उलटलं. "चिंबोरी, म्हणजे खेकडा. उपयोग, रस्सा. अमावस्येला घ्यावी, पौर्णिमेला पोकळ निघते." आणखी एक पान. "बगळा. उपयोग, माहीत नाही. अजून खाल्ला नाही."

वाट लागली! माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. हेडमास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, "शिवणाचं मशीन खिडकीपाशी ठेवू या, उजेड बरा येतो."

निरीक्षकांनी दोन वेण्यावालीला उभं केलं. "तिवराचा उपयोग तू जळण लिहिलायस. तिवरं जाळली की काय होतं?"

"जेवण होतं, सर."

ते माझ्याकडे वळले. "बाई, तीन आठवडे तुम्ही यांना काय शिकवलंत?"

"संरक्षण, सर."

"कुणाचं?"

ते उठले. "हा उपयोगाचा रकाना काढून टाका. सोमवारी नव्या वह्या माझ्या ऑफिसात पाठवा. मग ठरवू, मंडळ ठेवायचं की शिवण."

शनिवारी मी वर्गात गेले ती धुमसतच. फळ्यावरचा चौथा रकाना खसाखसा पुसला आणि रागाच्या भरात तिथं लिहिलं: 'आपला त्यांना काय उपयोग?' यात शहाणपणा वगैरे काही नव्हता. पोरांची जिरवायची होती, बस्स. "लिहा आता! घाला फोडणी!"

पेन्सिली चावून चावून तुकडे पडायची वेळ आली. अर्धा तास कुणी अक्षर लिहिलं नाही. मग दोन वेण्यावालीनं खाली मान घालून काहीतरी लिहिलं. शेजारणीनं डोकावून पाहिलं, तिला तिचं काहीतरी आठवलं, आणि बघता बघता सगळे खरडायला लागले.

तास संपल्यावर मी एकेक वही वाचली. 'निवटी. आपला उपयोग: आम्ही सोमवारी खात नाही.' दुसरीत, 'आम्ही संकष्टीला खात नाही.' तिसरीत, 'अख्खा श्रावण सोडतो.' एकानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'आमच्याकडे वार पाळत नाहीत. पण चिंबोऱ्या साफ करायचा आईला कंटाळा येतो.'

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. आता संपलंच हे. बदलायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर बदलावंसं वाटेना, कारण यात एक शब्द खोटा नव्हता. वह्या तशाच पाठवल्या आणि येताना बाजारातून सुया आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आले.

आठवड्यानं हेडमास्तरांनी तोंड वाकडं करून गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. सगळ्यात वर दोन वेण्यावालीची वही होती. 'आम्ही सोमवारी खात नाही' याच्या खाली निरीक्षकांनी लाल शाईनं लिहिलं होतं:

'आमच्याकडे गुरुवारीसुद्धा. मंडळ चालू ठेवावे.'